ताई, तुमची दुधाची बिस्किटं

ताई, तुम्ही गेल्यापासून मला "पाजलं काय व?" असं कोणी विचारलेलं नाही. खरं तर विचारतात. भेटायला येणाऱ्या सगळ्याच बाया विचारतात. पण त्या विचारतात आणि चहाचा कप उचलतात. तुम्ही विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. मी चिडायचे. तुमच्या भावाला म्हणायचे, "तुझ्या बहिणीला सांग, मी माणूस आहे, दूध डेअरी नाही." आता अमरावतीच्या या दोन खोल्यांत दारात कोणी उभं राहत नाही, आणि मी पोरीला मांडीवर घेऊन त्या प्रश्नाची वाट पाहत बसते. नणंदेच्या कटकटीची एवढी आठवण येईल असं मला लग्नात कोणी सांगितलं असतं, तर मी तोंडावर हसले असते.

स्वराच्या वेळी माझं बाळंतपण खरं तर माहेरी, शेंदूरजनाघाटला व्हायचं होतं. पण ऐन वेळी आई संत्र्याच्या बागेत पडली आणि तिचाच पाय मोडला. आता बाळंतिणीचं करणार कोण, अशी घरात चर्चा चालू असतानाच तुम्ही अकोल्याहून निघालाही होता. भाजीचं दुकान भाऊजींवर आणि लेकावर, वैभववर टाकून आलात. दोन पिशव्यांत डिंक, खारीक, मेथी, बाळंतशेपा. तिसऱ्या पिशवीत दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्या पाटीला सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, एक पान चिकटलेलं होतं. मला वाटलं, गडबडीत चुकून उचलला असेल. चुकून कसला! तुम्ही पोरीला पाजायच्या आधी काट्यावर ठेवायच्या आणि पाजल्यावर परत ठेवायच्या, मधला फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध. स्वरा पाय झाडायची, आकडा नाचायचा, तुम्ही वाकून त्याच्याशी भांडायच्या, "थांब न बे एका जागी!" भाऊ तुमचा दारात उभा राहून म्हणायचा, "ताई, कडीपत्ता फुकट देशील न वरून?"

मी एकदा वैतागून म्हटलं, "ताई, माझी पोरगी वांगी आहे का?" तुम्ही काट्यावरची नजर न हटवता म्हणालात, "वांग्याचं वजन तोडल्यावर वाढत नाई. इचं वाढाले पायजे."

डॉक्टरीणबाईंनी तर स्वच्छ सांगितलं होतं. बाळाचं वजन छान वाढतंय, दूध पुरतंय, जितक्या वेळा पाजाल तितकं येईल, काळजी करू नका. तुम्ही तिथे शहाण्यासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात बसायच्या आत म्हणालात, "बाई चांगली हाय, पन तिनं लाडवाचं नावबी काढलं नाई."

लाडूच तर अडचणीचे होते. मेथीचा वास मला लहानपणापासून सोसत नाही. तुम्ही केलेला पहिला लाडू मी तोंडात धरून खिडकीकडे गेले, तर मागून तुमचा आवाज आला, "थुकजो नोको, तूप हाय त्यात." मी तो थुंकला नाही. पण गिळताना माझा चेहरा असा झाला की तुम्हालाच दया आली. मग मी फोनवर शोधून बाळंतिणींसाठीच्या कुकीजचा एक पुडा मागवला. दूध वाढवणाऱ्या कुकीज, वर हसऱ्या बाईचा आणि गुबगुबीत बाळाचा फोटो. तुम्ही चष्मा लावून पुड्याची मागची बाजू वाचली, एक कुकी मोडून वास घेतला, जिभेवर ठेवली आणि निकाल दिलात, "जवस, तीळ अन् ओट म्हंजे जवाचा कोनतरी चुलतभाऊ. हे सारं माह्या डब्यात हाय. फक्त फोटो नाई."

तेव्हा सुरू झाली ती बिस्किटं. दुकान बघून येते म्हणून तुम्ही अकोल्याला गेलात आणि थेट रफीकभाईंच्या भट्टीवर पोहोचलात. अकोल्याच्या जुन्या शहरात ती पद्धत अजून चालू आहे, पीठ, तूप, गूळ आपला घरून न्यायचा, मळायचाही आपणच, भट्टी त्यांची. दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तिथे बायांची रांग लागते हे मी ऐकून होते. बाळंतिणीची बिस्किटं घेऊन गेलेल्या बहुधा तुम्हीच पहिल्या.

पहिली खेप फसली. ती कथा तुम्ही स्वतःच इतक्या वेळा आणि इतकी रंगवून सांगितली की मला ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. खिरीसाठी आपण अळीव भिजवतो, तसे तुम्ही ते सवयीने भिजवले आणि तो बुळबुळीत गोळा सरळ पिठात ओतला. पीठ हाताला सोडेना. मग अजून पीठ, मग अजून तूप. भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा बिस्किटं ट्रेला अशी चिकटलेली की रफीकभाईंनी पलटा घातला तर पलटाच वाकला. ते म्हणाले, "ताई, ये तो ट्रे को पकडके बैठ गया. अब ट्रे भी आपही ले जाओ." आणि तुम्ही खरंच ट्रे घरी नेला. भिजवून, घासून, चकचकीत करून परत दिला. त्या दिवसापासून अळीव कोरडे भाजून, जवस भाजून कुटून, ज्वारीच्या पिठात थोडं गव्हाचं पीठ आणि पातळ केलेला गूळ. मेथीही होती त्यात, मला नंतर कळलं. इतकी थोडी आणि बडीशेपेच्या इतकी आड लपवलेली की मी खुशाल खात होते.

स्वरा तीन महिन्यांची झाल्यावर आम्ही अकोल्याला आलो तेव्हा मी तुमच्याबरोबर भट्टीवर आले. बाकावर तुम्ही अशा बसलात जशी काही ती तुमच्या सासरची ओसरी. मी म्हटलं, चला ना घरी, भाजून झाल्यावर ते पाठवतील. तुम्ही आवाज न उतरवता म्हणालात, "माह्या तुपाची बिस्किटं दुसऱ्याच्या डब्यात गेली मंग?" रफीकभाई भट्टीच्या तोंडाशी उभे होते. मागे वळून म्हणाले, "पंधरा साल से बैठ रही है, एक बार नहीं गयी इनकी बिस्किट." तुम्ही म्हणालात, "बसून राहते म्हनून नाई गेली." रफीकभाई हसत पुन्हा भट्टीकडे वळले. बिस्किटं निघाल्यावर त्यांनी पहिलं गरम बिस्किट मला दिलं आणि म्हणाले, "बेटी, खा. बच्ची तंदुरुस्त है, माशाल्ला." तुम्ही लगेच स्वराच्या कानामागे काजळाचं बोट लावलंत.

आपला वाद मात्र मिटला नाही. मी म्हणायचे, पोरगी ओढते म्हणून दूध येतं. तुम्ही म्हणायच्या, बिस्किटांनी येतं. "मंग बंद कर न बिस्किटं. पाहू." ही तुमची एकच दलील होती आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी ती बंद केली नाहीत. तुम्ही त्यालाच स्वतःचा विजय समजत होता. मी म्हणायचे, चहाबरोबर बरी लागतात म्हणून खाते. तुम्ही म्हणायच्या, "हौ, तुह्या चहाले दूध येऊन राहिलं असन."

आणि एकदा आपली चांगलीच जुंपली. आठवतं ना? तुम्ही पाजण्याच्या मध्येच काटा घेऊन आलात आणि मी ओरडले, "गाय आहे का मी? जरा पाठ सोडा माझी!" तुम्ही काटा खाली ठेवला. एक शब्द बोलला नाहीत, लंगोटांची बादली उचलून गच्चीवर गेलात. तुम्ही गप्प बसणं हे आमच्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. थोड्या वेळाने मी स्वराला घेऊन वर आले. हिवाळ्याचं ऊन होतं. तुम्ही लंगोट झटकून झटकून दोरीवर टाकत होता, आणि माझ्याकडे न पाहता बोलायला लागलात.

"वैभव झाला न, तवा मले कावीळ झाली. मी दवाखान्यात, लेकरू घरी. आत्याबाईनं, माह्या सासूनं, डब्याचं दूध लावलं. लावनच पडलं, लेकराले उपाशी ठेवतीन काय? मी घरी आली त माह्या अंगाचं दूध गेलेलं. लय पाजून पाह्यलं. तो तोंडच फिरवे. मंग जो कोनी पाहाले ये त्याले आत्याबाई सांगे, इच्या अंगात दूधच नाई, पोट्टं डब्यावर वाढून राहिलं. त्याले खोकला झाला, डब्याचं दूध. गनितात नापास झाला, डब्याचं दूध. मी कवाच उलटून बोलली नाई. मलेबी तसंच वाटे न व."

मी म्हटलं, "ताई, तुमची काय चूक त्यात?" तुम्ही म्हणालात, "चूक नाई, माहीत हाय मले. पन आतून नाई वाटत तसं." मग बादली उलटी घालून तिच्यावर बसलात, स्वराला माझ्याकडून घेतलंत आणि हळूच म्हणालात, "वैभवले सांगजो नोको. त्याले वाटन, मायनं मले काईच देल्लं नाई."

त्या दिवसानंतर मी काट्याला हरकत घेतली नाही. तुम्हीच तो कधीतरी गुंडाळून पिशवीत भरून ठेवलात. बिस्किटं मात्र येत राहिली. अकोल्याच्या बसमधून डबा मांडीवर घेऊन यायच्या. कंडक्टरने वर ठेवा म्हटलं तर त्याला सांगायच्या, "लेकराचं हाय त्यात." तो बिचारा डब्याकडे बघत राहायचा.

आणि मग एका सकाळी, बाजारात जायच्या वेळेला, तुमच्या छातीत कळ आली. पुढचं मला लिहायचं नाही. सगळ्यांना माहीत आहे आणि मला ते अजून खरं वाटत नाही.

तेरवीला तुमच्या घरी बायांनी मला घेरलं. दुःखानं दूध आटते, रडू नको, लेकराले बाधते. कोणी म्हणालं, पाज आता भरभरून. कोणी म्हणालं, नको पाजू, दुःखाचं दूध असते. एकीला तुमच्यासारखं थोबाडीत मारल्यासारखं उत्तर द्यावं असं फार वाटलं, पण ते तुम्हालाच जमायचं. दूध आटलं की नाही, मला सांगता येत नाही. एवढं खरं की स्वरा किरकिर करायला लागली. मी तिला घ्यायचे, ती ओढायची, सोडायची, रडायची. मी घाबरायचे. आधी मी ठामपणे म्हणत होते, ओढते म्हणून येतं. आता ती ओढत होती आणि माझाच विश्वास बसेना. आपल्या भांडणात मी इतकी निवांत होते ती तुम्ही समोर होता म्हणून, हे तेव्हा कळलं.

त्यात माझी रजा संपत आली. मी शिकवते ती दर्यापूरची शाळा, सकाळी घर सोडायचं ते संध्याकाळी परत. पंपाने काढून ठेवायचा प्रयत्न केला, बाटलीच्या तळाशी जेमतेम ओल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ तुम्ही पाजा, दुपारी डब्याचं दूध द्या, काही बिघडत नाही. तुमच्या भावाने डबा आणला आणि ओट्यावरच्या फळीवर ठेवून दिला. मी तो फोडला नाही. रोज पाहायचे आणि तुम्ही दिसायच्या, गच्चीवर, उलट्या बादलीवर बसलेल्या. तुम्ही ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर मान खाली घातलीत, तेच मी तुम्ही जाताच करायचं? तुमच्या भावाला मी म्हटलं, "नोकरी सोडते." तो म्हणाला, "ताईनं तुला घरी बसू दिलं असतं का?" ते खरंच होतं, पण त्याने माझा प्रश्न सुटत नव्हता.

गेल्या रविवारी सकाळी वैभव आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, हातात तुमचा तो पत्र्याचा डबा. "मामी, हा रफीकभाईजवळ होता." बिस्किटं गरम असताना डब्यात भरली की मऊ पडतात, म्हणून अलीकडे तुम्ही ती निघेपर्यंत बसायच्या, मग रात्रभर तिथेच थंड व्हायला ठेवायच्या आणि सकाळी बाजारात जाता जाता उचलायच्या. ही खेप उचलायला तुम्ही गेलाच नाहीत. रफीकभाईंनी डबा भरून झाकण लावून ठेवला, पण घरी आणून द्यायचा त्यांना धीर होईना. शेवटी वैभव भट्टीवरून जात होता तेव्हा त्याला हाक मारून दिला. म्हणाले, "तेरी माँ का तूप है, बेटा. किसी और के डब्बे में नहीं गया."

मी झाकण उघडलं. प्रत्येक बिस्किटावर तुमच्या अंगठ्याचा खळगा. दुसऱ्यांच्या ट्रेमध्ये आपली ओळखू यावीत म्हणून तुम्ही तो दाबायच्या. मी लगेच झाकण लावलं. खायचं कसं ते?

तेवढ्यात स्वरा रडायला लागली. मी तिला घेतलं, नेहमीसारखीच ओढाताण झाली. वैभव पाठ करून ओट्याशी उभा होता. "मामी, हा दुधाचा डबा कावून फोडला नाई अजून?"

मी म्हटलं, "तुझ्या आईला चाललं नसतं रे."

त्याने तो डबा फळीवरून ओट्यावर घेतला. मग म्हणाला, "मी डब्यावर वाढलो म्हनून?"

मी स्वराला खांद्यावर घेतलं. "तुला कोणी सांगितलं?"

"आजीनं कोनाले सांगितलं नाई, मामी? सारा मोहल्ला जाने. मी पाचवीत होतो तवाच माईत झालं मले."

"मग तू आईला कधी काही..."

"काय म्हनू? ती कवा बोले नाई. मले वाटे, आपन काढलं त तिले वाईट वाटन. म्हनून मीबी नाई बोललो." त्याने दुधाचा डबा हातात घेऊन फिरवला आणि पाठीमागचं वाचायला लागला, अगदी तुमच्यासारखं, डोळे बारीक करून. मग वर न पाहता म्हणाला, "पन मामी, मी हेच समजत नाई. पानी उकळून, बाटली धुऊन, मले मांडीवर घेऊन पाजलं कोनं? आजीनं? बाबानं? आईनंच न? डबा कंपनीचा होता, हात त तिचाच होता. मंग मले काय कमी पडलं?"

मी रडायला लागले, ताई. बाया म्हणाल्या होत्या रडू नको, पण मी पोट भरून रडले. वैभवने मला रडू दिलं. तोवर त्याने पाणी उकळलं, निवू दिलं, डब्यावर लिहिलं होतं तसं मोजून दूध केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला. हे त्याला कोणी शिकवलं? स्वराला त्याने मांडीवर घेतलं. आधी तिने तोंड फिरवलं. तो म्हणाला, "घे न बे, पोट्टे. मीबी हेच पेलो." मग ती प्यायला लागली, एका हाताने त्याचं बोट धरून. मी समोर बसून तुमच्या डब्यातलं एक बिस्किट खाल्लं, आणि मग दुसरं.

उद्यापासून मी दर्यापूरला जाणार आहे. दुपारचं डब्याचं, ते पाय बरा झालेली आई येऊन पाजेल; बाकीचं माझं. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत स्वराला माझी ओढ लागलेली असेल आणि मला तिची, त्या वेळी मी पाजेन आणि चहाबरोबर बिस्किट खाईन. दूध कशाने येतं हा वाद आपण तसाच ठेवू. मला तो संपवायचा नाही.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते वेगळं आहे, आणि तुम्ही असतात तर मी बस पकडून अकोल्याला आले असते, भट्टीच्या बाकावर तुमच्या शेजारी बसून हे तुमच्या कानात सांगितलं असतं. तुम्ही इतकी वर्षं ज्याच्यापासून लपवत होतात त्याला सगळं माहीत होतं. तुम्ही त्याला जपून गप्प राहिलात, तो तुम्हाला जपून गप्प राहिला. तुमच्या पोराला काही कमी पडलेलं नाही, ताई. तो स्वतः म्हणाला.